बांगड्यांवरचं पीठ

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. ज्याच्यापुढं पडायला पाहिजे होती तो दौलत आता नाही. जिच्यापुढं पडायला पाहिजे ती अकोल्याला आहे, धडधाकट आहे, आणि तिच्या हातची भाकर मी तिच्यासमोर बसून खाऊन आलो — तरी नाही पडली. मग तुमच्यापुढं कशी बाहेर येऊन राहिली? मला विचारू नका. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून असेल.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. वाक्य कुठं तोडावं ते मला कळत नाही. पण भाकर कुठं तुटते ते कळतं — आणि सुरुवात तिथूनच करावी लागेल.

तर पहिले हे सांगून टाकतो की मला सैपाक येतो. नुसता येत नाही, चांगला येतो. ज्वारीचं पीठ शिळं असलं तर पाणी कढत घ्यावं, ताजं असलं तर कोमट चालतं. मळताना तळहाताची टाच लावावी, बोटं नाही. भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या आरावर उभी करायची. टम्म फुगते. त्या फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सोलून, आत जवसाचं तेल आणि मीठ चोळून लेकराच्या हातात दिलं, तर रडणारं लेकरू कशासाठी रडत होतं ते विसरून जातं. हे मी पाहिलेलं आहे. माझीच लेकरं होती.

धम्मदीक्षेनंतरची वर्षं होती ती. बडनेऱ्याला रेल्वेत मी खलाशी होतो, म्हणजे रुळावरचा मजूर. राहायला लाईनीतली खोली — एक खोली, मागं पडवी, आणि एकाला एक लागून सगळ्यांच्या तशाच खोल्या. मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारी मिरचीची फोडणी पडली की आमच्या घरात शिंका. तिसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या बायकोला, सुभद्रेला, दमा लागला. धूर नाकात गेला की छाती भात्यासारखी चालायची. आणि चूल म्हणजे तर धूरच — गोवऱ्या, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, जे मिळेल ते. माझी माय आधीच गेलेली. घरात दुसरी बाई नाही. लेकरं तीन, त्यातलं एक झोळीत. आता तुम्हीच सांगा, चुलीपुढं कोणी बसायचं?

मी बसलो. वाटलं, चार दिवसांचं काम आहे. ते चार दिवस काही सरले नाहीत.

आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं. ड्यूटी सुटली की हातपाय धुवून मी दार लोटून घ्यायचो. सुभद्रा मागच्या पडवीत वाऱ्याला बसून भाजी निवडून द्यायची, आणि लेकरं चुलीभोवती. वांगी आरात भाजायची, तुरीचं वरण घट्ट करायचं, पावसाळ्यात अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायच्या म्हणजे ती आंबट भाजीही लेकरं चाटूनपुसून खातात. तिखट निराळं. ठेचा माझ्यापुरता, वाटीत, उंचावर. आणि सगळ्यात शेवटी चानकी. परातीला चिकटलेलं पीठ गोळा करून जी तळहाताएवढी भाकर होते ती चानकी, ती लेकराची. एका परातीची चानकी एकच निघते आणि खाणारी तोंडं तीन. मग मी पीठच जास्त भिजवायचो.

थोरली पोरगी म्हणायची, "बाबा, माह्या चानकीले डोये करा." मी बोटानं दोन खळगे पाडायचो. मधला म्हणे, "माह्यावाल्याले मिशा." मिशांसाठी नखाची रेघ. झोळीतल्याला अजून दात नव्हते, तरी त्याच्या हातात एक चानकी द्यावी लागायची, नाही तर तो झोळी डोक्यावर घ्यायचा. त्या खोलीत, त्या धुरात, मी जेवढा सुखी होतो तेवढा मग कुठंच झालो नाही.

मग लोटलेलं दार काहून लोटलेलं होतं?

आता तुम्हाला हसू येईल. मी तालमीतला गडी. लोखंडी रूळ उचलायचा असला की मुकादम पहिले मला हाक मारायचा. गँगमधल्या कोणाची बायको माहेरी गेली आणि तो चुलीपुढं बसला, तर त्याला बाईलवेडा म्हणून चिडवणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांच्या वर. असा मी — आणि आता मीच भाकरी थापतो हे लाईनीत कळलं तर? मरण बरं, असं वाटायचं. खरंच वाटायचं.

धूर लपतो, वास लपतो, भाकर थापण्याचा आवाज लपत नाही. आमच्या लाईनीत आवाजावरून कळायचं की कोणाच्या घरी कोण थापून राहिलं — सून की सासू की पोरगी. एकीचा हात हलका, एकीचा जड, पण सगळ्यांच्या आवाजात एक गोष्ट सारखी. बांगड्या. थाप पडली की मागून किणकिण. माझ्या भाकरीला किणकिण नव्हती.

पहिले काही दिवस सुभद्रा पडवीच्या दारात बसून, माझी थाप पडली की आपला हात हलवायची. पण तिला ताल धरता येईना आणि हसू आवरेना, आणि हसली की खोकला. शेवटी मी तिच्या जुन्या काचेच्या बांगड्या मागून घेतल्या. माझ्या हातात त्या चढणं शक्य नव्हतं. म्हणून नाड्यात ओवल्या आणि नाडा मनगटाला बांधला. थाप — किणकिण. थाप — किणकिण. लेकरांना मोठी मजा. काम झालं की नाडा सोडून कोनाड्यात ठेवायचा. बाहेर जाऊन हे सांगायचं नाही, असं मी लेकरांना बजावलं होतं, आणि एकानंही कधी सांगितलं नाही. लेकरं आपल्यापेक्षा इमानी असतात.

इथंवर तुम्ही मला माफ कराल. हसून सोडून द्याल. म्हणूनच एवढं सांगायला वेळ लावला. आता दौलत.

दौलत माझ्याच गँगमध्ये होता. तीन खोल्या सोडून राहायचा. त्याची बायको कमल सातवी पास — आमच्या लाईनीतली एवढी शिकलेली बाई एकच. दीक्षेनंतर आमच्या लोकांत शिकण्याचं वारं होतं, आणि कमलला अमरावतीला मास्तरणीच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. तिथंच बोर्डिंगात राहायचं, घरी यायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीलाच. ते पुरं झालं की शाळेत नोकरी. दौलत म्हणाला, जा. लहान पोरगी आणि तिच्यामागचा पोरगा, दोघांना त्यानं आपल्याजवळ ठेवून घेतलं. आणि सैपाक?

सैपाक तो स्वतः करायचा. अंगणात. चूल बाहेर मांडून, सगळ्या लाईनीसमोर, पोरीला मांडीवर घेऊन.

लोक बोलायचे. कोणी जाता जाता म्हणे, "काय दौलत, पदर घेतला नाई आज?" तो मान वर न करता म्हणायचा, "घेतो न बाप्पा. तुमी जेवाले या पहिले." आणि खरंच जेवू घालायचा. त्याच्या भरताची वाटी आमच्याकडं यायची, माझी भाजी — सुभद्रेच्या नावानं — त्याच्याकडं जायची. भरीत माझंच चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. पण त्याची लेकरं आमच्या लेकरांत येऊन बसायची, त्याची पोरगी माझ्या हातची चानकी खायची, आणि तिनं माझ्या मनगटावरचा नाडा पाहिलेला होता. तीही कुठं बोलली नाही.

मला त्याचा राग यायचा. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्यानं माझं काय घेतलं होतं? काहीच नाही. तो तेच करत होता जे मी करत होतो. फक्त त्यानं दार लोटलं नव्हतं. टोमणे यायचे आणि त्याच्या अंगावरून पाण्यासारखे निघून जायचे. मला वाटायचं, हा माणूस मोडला पाहिजे — नाही तर मी ज्याला एवढा भितो ते मुळात काहीच नाही, असं होईल. असं स्पष्ट तेव्हा नव्हतं वाटत. तेव्हा नुसता राग होता.

मग एक दिवस रुळावर, सगळे विडी ओढत बसलो असताना, तो सहज बोलल्यासारखा बोलला, "संपत, वयनीच्या हाताले लय जोर आला रे. दम्याच्या बाईची भाकर अशी वाजते काय?"

सगळे हसले. त्याच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. उलट — आता वाटतं — तो मला बोलावून राहिला होता. ये न बाहेर, मांड चूल माझ्याजवळ, दोघं मिळून करू. एवढाच अर्थ होता त्याचा. पण मी सोडून बाकी सगळे हसले, आणि मी सगळ्यांची तोंडं मोजून ठेवली.

आता रोडग्यांचं सांगतो. आमच्याकडं रोडगे पुरुषच करतात. जाडसर दळलेल्या गव्हाचे मोठे गोळे, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, वरून तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पूर्वी ते देवाच्या नावानं व्हायचे. आम्ही देव सोडले, रोडगे सोडले नाहीत — लेकरांच्या नावानं करायला लागलो. त्या थंडीत पौर्णिमेच्या दिवशी लाईनीतली सगळी घरं लेकराबाळांसह आमराईत गेली. चाळीस हात पीठ मळून राहिले, सगळे मिशीवाले, आणि कोणालाच लाज नाही. गंमत पाहा. उघड्यावर, चारचौघांत, गव्हाचा गोळा — तो मर्दाचा. घरात, एकट्यानं, ज्वारीची भाकर — ती बाईची. हे कोणी ठरवलं? मला माहीत नाही. पण मी त्या ठरवणाऱ्यांच्या बाजूनं उभा होतो.

सुभद्रा आली नव्हती. गोवऱ्यांचा धूर तिला सोसला नसता. कमल अमरावतीला होती. दौलतचा थोरला भाऊ बार्शीटाकळीहून आला होता — तापट, मानाचा माणूस, भावजयीच्या शिक्षणावर आधीच नाराज. दौलत लेकरांच्या पंगतीत वाढून राहिला होता. गरम रोडगा या हातातून त्या हातात उडवत फोडायचा, फुंकर मारायचा, तूप सोडायचा, लेकरं हसायची. मग मोठ्यांची पंगत बसली. तो माझ्यासमोर बसला.

मी घरून निघतानाच कोनाड्यातल्या बांगड्या खिशात घातल्या होत्या. म्हणजे रागाच्या भरात झालं, असं मला म्हणता येत नाही.

मी उठलो. मोठ्यानं म्हणालो, "दौलत, सगळं करतं लेका, एवढं एकच राह्यलं होतं." आणि त्या बांगड्या त्याच्या पत्रावळीत, वरणाच्या शेजारी ठेवल्या.

पंगत हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्याच्या भावानं हातातला घास खाली ठेवला, उठला, आणि हात न धुता आमराईच्या बाहेर चालू पडला. हे सगळं मी पाहिलं. मी दौलतकडं पाहत नव्हतो. मग पाहिलं.

त्यानं बांगड्या उचलल्या होत्या. त्या नाड्यात ओवलेल्या होत्या — मी नाडा काढायला विसरलो होतो. आणि काचेवर, आतल्या बाजूनं, पीठ वाळलेलं होतं. पांढरं. ज्वारीचं. आदल्या दिवशीचं. बाईच्या हातातल्या बांगड्यांना नाडा कशाला लागतो? त्यानं ते पीठ पाहिलं. मग माझं मनगट पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

त्यानं एकच शब्द बोलायचा होता. बोलायचंही नव्हतं — नुसत्या त्या बांगड्या नाड्यासकट हवेत धरायच्या होत्या. पंगत त्याच क्षणी फिरली असती. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा तो अंगठ्यानं पीठ पुसून राहिला होता. सावकाश, एकेक बांगडी. पुसून झाल्यावर म्हणाला, "चांगल्या हायेत. ठेवतो मी." खिशात घातल्या आणि जेवायला लागला. त्यानं मला झाकलं. सगळ्यांसमोर, मी त्याला उघडं पाडल्यावर, त्यानं मला झाकलं.

त्या दिवसापासून त्याची अंगणातली चूल पेटली नाही. भावाचा निरोप आला की कमलला घेऊन ये, नाही तर मी तुझा भाऊ नाही. त्यानं अकोल्याला बदली मागून घेतली आणि ती मिळाली. जाताना आमच्या दाराशी आला, माझ्या लेकरांच्या डोक्यांवरून हात फिरवला, आणि मला म्हणाला, "येतो." कमल बोर्डिंगातून सरळ अकोल्याला गेली. तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं.

सुभद्रेला कोणा तरी बाईनं पंगतीतली गंमत हसत सांगितली. तिनं कोनाड्याकडं एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर ती चुलीपुढं बसलेली, भाकरी थापून राहिलेली, खोकत. मी म्हटलं, ऊठ. ती उठली नाही. मी पिठाच्या परातीला हात लावला, तर तिनं परात ओढून घेतली. तशी ती कितीतरी दिवस बसली. माझी लेकरं शेवटी रडायला लागली — चानकीसाठी नाही, मायचा खोकला ऐकून. मग एका संध्याकाळी मी जाऊन दार सताड उघडलं आणि येऊन चुलीपुढं उभा राहिलो. तेव्हा ती सरकली.

आणि काय झालं असेल, सांगा? काही नाही. चार दिवस लोक बोलले. पाचव्या दिवशी शेजारची बाई, अंबाडीत कण्या किती घालता, म्हणून विचारायला आली. एवढंच होतं ते. ज्याच्यासाठी मी एका बाईची शाळा मोडली ते एवढंच होतं.

माझं पुढं चांगलं झालं. तिन्ही लेकरं शिकली. धुराची चूल गेल्यावर सुभद्रेचा दमाही पुष्कळ उतरला. आज माझ्या सैपाकाचं कौतुक होतं — सुना पाहुण्यांना सांगतात, आमच्या बाबांच्या हातची भाकर खाऊन पाहा. नातवंडं चानकीला डोळे करून मागतात आणि मी करून देतो. मी समाधानी माणूस आहे. हे लपवून ठेवलं तर तेही खोटंच होईल.

पण एक राहिलं आहे. बांगड्यांचं सांगितलं, ते सोपं होतं.

दौलत बदली होऊन गेल्यावर काही वर्षांनी मला कामासाठी अकोल्याला जावं लागलं. तो स्टेशनवर भेटला आणि ओढून घरी घेऊन गेला. जसं काही झालंच नव्हतं. कमल कापसाच्या जिनिंगात सरकी निवडायला जायची, नुकतीच परतली होती, केसांत कापसाचे तंतू. तिनं हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. तिचा हात हलका होता. आम्ही जेवायला बसलो — मी, दौलत, आणि त्याची पोरगी, आता चांगली उंच झालेली. कमलनं शेवटची चानकी केली आणि पोरीच्या ताटात टाकली.

पोरगी म्हणाली, "माय, बडनेऱ्याले बाबा चानकी करत होते न माह्यासाठी. अंगणात."

कमल हसली. "तुह्या बाबाले पाणी तापवता येत नाई बाई. जमलं असतं तं मले कायले बोलावलं असतं? लेकरं उपाशी राह्यतात म्हून धाडला निरोप."

दौलत ताटात पाहत म्हणाला, "लहान होती. सपन पाह्यलं असन."

तेव्हा मला समजलं की त्यानं तिला काय सांगितलं होतं. बांगड्या नाही, पंगत नाही, भाऊ नाही, मी नाही. आपल्याला सैपाक जमत नाही, एवढंच. आणि ते खरं राहावं म्हणून तो तेव्हापासून चुलीजवळ गेला नव्हता.

कमलनं माझ्याकडं वळून विचारलं, "काहो भाऊजी, तुमी तं शेजारीच होते. तुमीच सांगा हिले. करत होते काय हे?"

पोरगी माझ्याकडं पाहून राहिली होती. तिला नाडा आठवत होता. मला दिसत होतं की आठवतो.

मी म्हटलं, "नाई वयनी. याच्या भाकरी करपत होत्या."

बडनेऱ्याहून अकोल्याला जायला आजही गाडी आहे. मी परत गेलेलो नाही. त्या दिवशी पोरीनं नजर काढून घेतली आणि आपली चानकी मोडली. कमलनं टोपल्यातली भाकर पुढं केली, आणखी घ्या म्हणाली. भाकर चांगली झाली होती. मी घेतली.